सायकल जड कुणी केली?

व्यायामशाळेतल्या सायकलला हँडलच्या खाली एक गोल खुंटी असते. तिच्यावर १ ते ८ आकडे. खुंटी उजवीकडे फिरवली की सायकल जड, डावीकडे फिरवली की हलकी. या आठ आकड्यांवर आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तावातावाने चर्चा होते. एक गट म्हणतो, "लोड लावल्याशिवाय पायात ताकद येत नाही, सहावर ठेवून मारायची." दुसरा गट म्हणतो, "गुडघे जातील, दोनवर ठेवून भराभर मारायची." मला मात्र पहिल्या दिवसापासून वेगळाच प्रश्न पडलाय. सहा म्हणजे सहा काय? सहा किलो? सहा वॉट? सहा शेर? आमच्या धंद्यात एकक न लिहिता नुसता आकडा पाठवला तर समोरचा माणूस तो परत पाठवतो. इथे मात्र एकक नसलेल्या आकड्यावर लोक आपले गुडघे पणाला लावतात!

मग नेहमीप्रमाणे विकांताला शोधाशोध सुरू केली आणि हाती लागलं ते असं की सायकल (किंवा सायकलसारखं काहीतरी) मुद्दाम जड करण्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो काही फक्त व्यायामाचा नाही. त्यात तुरुंग आहे, तांब्याची खोली आहे, अंतराळस्थानक आहे. आणि "लोड लावून ताकद येते का?" या प्रश्नाचं बऱ्यापैकी स्वच्छ उत्तरही आहे.

आधी गंमत पाहा. अख्खं एकोणिसावं शतक सायकल हलकी करण्यात गेलं. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल फॉन ड्राइसने पायाने रेटायची दुचाकी काढली. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पॅडल आली. १८६९ मध्ये बॉल बेअरिंग आलं. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीची 'रोव्हर' आली, मागच्या चाकाला साखळी असलेली, आजच्या सायकलची थेट आजी. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचं टायर आणलं. यातला प्रत्येक शोध म्हणजे कुठलं ना कुठलं घर्षण कमी करण्याची धडपड. आणि एवढं सगळं करून सायकल लोण्यासारखी पळायला लागली, तोवर दुसऱ्या टोकाला लोकांनी ती पुन्हा जड करायला घेतली होती!

आपल्यालाही हे अगदीच नवीन नाही. ज्यांनी शाळा-कॉलेजात काळी सायकल चालवली आहे त्यांना डायनॅमो आठवत असेल. रात्री दिवा नसला तर पोलीस पकडायचे, म्हणून बाटलीच्या आकाराचा तो डायनॅमो टायरला टेकवायचा आणि सायकल एकदम जड व्हायची. तो भास नव्हता. ६ व्होल्ट, ३ वॉटचा दिवा, आणि त्या डायनॅमोची कार्यक्षमता जेमतेम चाळीस टक्के धरली तर पायाला सात-आठ वॉट जास्तीचे पडतात. ताशी १५ किलोमीटरने सपाटीवर जायला सगळे मिळून पन्नासच्या आसपास वॉट लागतात. म्हणजे काम एकदम पंधरा टक्क्यांनी वाढलं. हा डायनॅमो लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

आता तुरुंगाकडे वळू.

१८१८ मध्ये विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने कैद्यांसाठी एक चाक काढलं. मोठा लाकडी दंडगोल, त्यावर पायऱ्या, आणि कैद्यांनी एका ओळीत उभं राहून त्या पायऱ्या चढत राहायचं. पायरी खाली जाते, माणूस तिथल्या तिथे. १८२१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ते बसलं आणि मग इंग्लंडभर पसरलं. काही ठिकाणी त्यावर धान्य दळलं जायचं, पण पुष्कळ ठिकाणी चाकाला काहीच जोडलेलं नसे. नुसती हवा घुसळायची. आज जिममध्ये ज्याला आपण ट्रेडमिल म्हणतो त्या नावाचं हे मूळ.

त्याहून वाईट होता 'क्रँक'. कोठडीत एक पेटी, तिला बाहेरून दांडा. दांडा फिरवला की आतली वल्ह्यासारखी पाती वाळूतून फिरत. पेटीवर फेरे मोजणारी तबकडी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक स्क्रू. तो आवळला की दांडा जड होई. स्क्रू अर्थातच पहारेकऱ्याच्या हातात.

आता मनात ही पेटी आणि व्यायामशाळेतली सायकल शेजारी शेजारी ठेवून बघा. दांडा, फेरे मोजणारी तबकडी, जड करायची खुंटी. सगळे भाग तेच!

१८५३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगात एडवर्ड अँड्र्यूज नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. गुन्हा काय, तर मांस चोरलं. त्याला दिवसाला १०,००० फेऱ्यांची शिक्षा होती: सकाळच्या खाण्याआधी २,०००, दुपारच्या जेवणाआधी ४,०००, रात्रीच्या जेवणाआधी ४,०००. फेरे पुरे झाले नाहीत तर नीट जेवण नाही. एप्रिल महिन्यात त्या मुलाने कोठडीत गळफास लावून घेतला. गाजावाजा झाला, सरकारी चौकशी आयोग बसला. आयोगाने केलेलं एक काम मला इंजिनिअर म्हणून फार मोलाचं वाटतं: त्यांनी त्या यंत्राचा हिशोब मांडला. निष्कर्ष असा की एवढे फेरे पुरे करायला त्या पोराला ओझ्याच्या घोड्याच्या रोजच्या कामाच्या चौथा हिस्सा काम करावं लागलं असतं. मोठ्या माणसाचं रोजचं नेहमीचं काम घोड्याच्या एक दशांश धरतात. म्हणजे पंधरा वर्षांच्या, अर्धपोटी मुलाकडून धडधाकट मजुराच्या अडीचपट! या प्रकरणावर चार्ल्स रीडने १८५६ मध्ये कादंबरीही लिहिली. पण हे चाक आणि क्रँक इंग्लंडात कायद्याने बंद व्हायला १८९८ साल उजाडलं.

मराठी वाचकाला अशा यंत्राची ओळख वेगळ्या नावाने आहे. अंदमानचा कोलू. १९११ मध्ये सावरकर तिथे पोचले आणि बैलासारखं जुंपून दिवसाला तीस पौंड तेल गाळायची सक्ती काय असते ते पुढे 'माझी जन्मठेप'मधून महाराष्ट्राला कळलं. तिथे निदान तेल तरी निघायचं. क्रँकमधून काहीच निघत नव्हतं, फक्त तबकडीवरचा आकडा पुढे सरकायचा.

हे सगळं मी एवढं लांबण लावून का सांगतोय? कारण इथे दिसतं की जडपणा ही नुसती गंमत नाही. तो किती आहे हे मोजलेलं नसेल आणि खुंटी दुसऱ्याच्या हातात असेल तर तेच यंत्र माणूस मारू शकतं. त्यात फेरे मोजले जात होते, पण प्रत्येक फेरा किती जड आहे हे नीट मोजलं जात नव्हतं. निम्मा आकडा खरा आणि निम्मा अंदाजपंचे.

त्याच काळात दुसऱ्या बाजूला लोक पैसे देऊन जड यंत्रं फिरवायला लागले होते. १७९६ मध्येच लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्सने 'जिम्नॅस्टिकॉन' नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. पायाखाली दाबायच्या फळ्या, हाताला दांडे, आणि संधिवाताने आखडलेल्या लोकांनी ते चालवायचं. पण खरी पद्धतशीर सुरुवात केली ती स्वीडनच्या डॉक्टर गुस्ताव झांडरने. १८६५ मध्ये त्याने स्टॉकहोममध्ये यंत्रांनी व्यायाम देणारी संस्था उघडली. त्याच्या यंत्रांना तरफा होत्या आणि तरफेवर सरकणारं वजन. वजन एक खूण पुढे सरकवलं की व्यायाम ठरावीक मापाने जड. औषधाचा डोस असतो तसा. कल्पना तीच, स्क्रू आवळायची, पण इथे मापाच्या खुणा आहेत आणि रोगी "पुरे" म्हणू शकतो. पुढे ही यंत्रं युरोप-अमेरिकेत श्रीमंतांच्या आरोग्यधामात पोचली. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकवर व्यायामशाळा होती आणि तिथे जागेवर चालवायच्या सायकलीही होत्या. ज्या देशात चौदा वर्षांपूर्वीपर्यंत कैद्यांना जागेवर चालायची शिक्षा होती, तिथलेच प्रवासी पहिल्या वर्गाचं तिकीट काढून जागेवर सायकल मारत होते. काळाचा महिमा :)

पण "सहा म्हणजे सहा काय?" याचं उत्तर ना झांडरने दिलं ना टायटॅनिकने. ते दिलं प्रयोगशाळांनी.

१८९० च्या दशकात अमेरिकेत मिडलटाऊनच्या वेस्लियन विद्यापीठात अ‍ॅटवॉटर आणि रोझा या दोघांनी एक खोली बांधली. आतून तांब्याचा पत्रा, एक माणूस कसाबसा राहील एवढी. माणसाने त्यात काही दिवस राहायचं, खायचं, झोपायचं. आत गेलेलं अन्न, बाहेर आलेली उष्णता, श्वासातले वायू, सगळं मोजायचं. प्रश्न असा की माणसाच्या शरीरालाही ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम लागू आहे का? त्यासाठी माणसाने आत कामही करायला हवं, आणि ते मोजताही यायला हवं. मग त्यांनी खोलीत एक सायकल ठेवली आणि तिला जोडला डायनॅमो! वीज किती निघाली ते मोजलं की पायांनी किती काम केलं ते कळतं. आपण पोलिसाच्या भीतीने टायरला टेकवायचो तेच यंत्र. हिशोब अगदी थोड्या फरकाने जुळला. माणूसही नियमात बसतो.

पुढे बॉस्टनमध्ये बेनेडिक्टने आणि कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोगने विजेचा ब्रेक लावलेल्या सायकली बनवल्या. क्रोगचा लेख १९१३ चा. (याच क्रोगला १९२० मध्ये केशवाहिन्यांच्या कामासाठी नोबेल मिळालं.) हा ब्रेक कसा चालतो ते सांगतो, कारण आजच्या महागड्या सायकलीतही तोच आहे. तांब्याची तबकडी चुंबकांच्या मधून फिरते. फिरताना तिच्यात विजेचे भोवरे तयार होतात आणि ते भोवरे तबकडीला मागे ओढतात. कुठे काही घासत नाही, त्यामुळे काही झिजत नाही आणि आजचा जडपणा उद्या बदलत नाही. चुंबकाचा प्रवाह वाढवला की जड, कमी केला की हलका. अशा सायकलींवरच्या प्रयोगांतून कळलं की माणूस खर्चलेल्या ऊर्जेतली साधारण वीस ते पंचवीस टक्केच पॅडलवर पोचवतो. बाकीची घाम गाळण्यात जाते. म्हणजे १०० वॉटचं काम दिसतं तेव्हा आत चारशे-पाचशे वॉटची भट्टी पेटलेली असते.

ही यंत्रं उत्तम होती पण प्रत्येक प्रयोगशाळेत एक, हाताने बनवलेलं. ती घराघरात येण्यासारखी केली ती पुन्हा स्वीडिश माणसांनीच. १९५४ मध्ये फॉन डोबेल्नने एक साधी सायकल मांडली. एक जड चाक, त्याच्या कडेवरून एक पट्टा, आणि पट्ट्याच्या ताणाने बाजूला सरकणारा लंबक. लंबक किती सरकला ते पट्टीवर वाचायचं, म्हणजे पट्टा किती जोराने चाक धरून ठेवतोय ते थेट किलोच्या वजनात कळतं. पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाची कड बरोबर ६ मीटर फिरते. आता हिशोब तोंडी करता येतो: पट्ट्याचा ताण १ किलो, मिनिटाला ५० फेरे, म्हणजे १ × ६ × ५० = ३०० किलो-मीटर दर मिनिटाला, म्हणजेच जवळजवळ ५० वॉट. ताण २ किलो केला तर १००. बस्स! वीज नको, चुंबक नको. सोबत टिक-टिक करणारा मेट्रोनोम ठेवला की झालं. स्वीडनच्या वारबर्ग गावच्या मोनार्क कारखान्याने ही सायकल बनवली आणि ती जगभरच्या प्रयोगशाळांत गेली. त्याच १९५४ मध्ये पेर-ओलोफ ऑस्ट्रांड आणि इर्मा र्‍यूमिंग यांनी दाखवलं की सहाएक मिनिटं ठरलेल्या वॉटवर सायकल मारायला लावली आणि नाडी मोजली, तर माणसाचा दम किती आहे याचा अंदाज एका तक्त्यावरून काढता येतो.

मला विचाराल तर बर्मिंगहॅमच्या स्क्रूला खरं उत्तर हे आहे. यंत्रावर सगळ्यांना दिसेल अशी पट्टी, आणि कुणालाही पडताळता येईल असा हिशोब.

हे सगळं माझ्या घरात कामाला आलं म्हणून एवढा जिव्हाळा. गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी बिनलोडची सायकल सांगितली आणि मग दर आठवड्याला थोडा थोडा लोड. त्यांच्याकडच्या सायकलवर वॉट दिसायचे. आमच्या घरच्या सायकलवर ती आठ आकड्यांची खुंटी. "घरी तीनवर ठेवू का?" असं आईने विचारलं तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "तुमचं तीन म्हणजे आमचं किती, हे मला कसं कळणार?" अगदी माझाच प्रश्न! मग ऑस्ट्रांडची युक्ती उलटी वापरली. त्यांच्याकडे २५ वॉटवर, मिनिटाला ५० फेऱ्यांनी, पाच मिनिटांनंतर आईची नाडी किती ते लिहून घेतलं. घरी तितक्याच फेऱ्यांनी एकेक आकडा लावून पाहिला. नाडी जुळली ती २ वर. फिजिओथेरपिस्ट बाईंना दाखवलं, त्यांनी मान डोलावली. इथे मोजपट्टी म्हणजे आईच होती. तीन वापरलं असतं तर काय झालं असतं माहीत नाही, पण नव्या गुडघ्यावर प्रयोग कोण करणार?

आता मूळ प्रश्न. लोड लावून ताकद येते का?

याचा सगळ्यात चांगला पुरावा आकाशात आहे. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकन अंतराळस्थानकावर पहिली तुकडी २८ दिवस राहिली. व्यायामाला एकच साधन: वॉट मोजणारी उत्तम सायकल. तिघेही ती नेमाने मारत होते. परत आल्यावर दिसलं की पायांची ताकद चांगलीच घटलेली. जमिनीवर आपण उठतो, बसतो, जिना चढतो, तेव्हा पायांवर जे ओझं पडतं ते वर नव्हतं, आणि सायकलने त्याची जागा भरून काढली नाही. पुढच्या तुकड्यांना ताकदीचा व्यायाम जास्तीचा दिला. ८४ दिवस राहिलेल्या तिसऱ्या तुकडीला गुळगुळीत पत्र्यावर खांद्याला पट्टे बांधून चालण्या-धावण्याची सोय करून दिली, आणि त्यांचे पाय पहिल्या तुकडीपेक्षा बरे राहिले. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर सायकल आहेच, पण २००८ मध्ये तिथे वजन उचलण्यासारखं काम करणारं वेगळं यंत्रही पोचलं.

याचं कारण १९४५ मध्येच शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म या डॉक्टरने सांगून ठेवलं होतं. युद्धातून गुडघे मोडून आलेल्या सैनिकांना तो पायाला लोखंडी बूट बांधून मोजकेच पण जड व्यायाम देत असे. ज्या वजनाने जेमतेम दहा वेळा पाय उचलता येतो ते वजन. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जड ओझं आणि थोडे फेरे यांनी ताकद येते, हलकं ओझं आणि खूप फेरे यांनी दम येतो, आणि एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

हिशोब करून पाहू. १५० वॉट, मिनिटाला ८० फेरे, १७ सेंटिमीटरचा क्रँक. पॅडलवरचा जोर सरासरी १०५ न्यूटन येतो. पाय खाली जाताना तो वाढतो-उतरतो हे धरलं तर सर्वात जास्त क्षणी साधारण १७ किलो. आता लोड एवढा वाढवा की तेवढ्याच वॉटला फेरे निम्मे, म्हणजे ४०, झाले. जोर दुप्पट: ३४ किलो. छान वाटतं ना? पण ७० किलोच्या माणसाने एक साधी बैठक मारली तर प्रत्येक पायावर ३५ च्या आसपास किलो येतात, तेही गुडघा पुरता वाकलेला असताना. जिन्याच्या एका पायरीवर तर सगळं वजन एकाच पायावर. आणि ४० फेऱ्यांनी अर्धा तास सायकल मारली तर एकेका पायाचे १,२०० फेरे होतात. जे ओझं बाराशे वेळा ढकलता येतं ते डीलॉर्मच्या दहा वेळांच्या जवळपासही नाही. तालमीतल्या वस्तादाला न्यूटन माहीत नव्हता, पण पायासाठी बैठका हे त्याला पक्कं माहीत होतं.

अलीकडचे प्रयोगही याच बाजूला झुकतात. नॉर्वेत बेंट रोनेस्टाड आणि मंडळींनी २०१० च्या सुमारास दाखवलं की चांगल्या सायकलपटूंनी सायकलीखेरीज वजनं उचलण्याचा जड व्यायाम केला तर मांडीचा स्नायू वाढतो आणि सायकलवरची कामगिरीही सुधारते. उलट २०१४ मध्ये नॉर्वेतच पन्नाशीच्या आसपासच्या मुरलेल्या सायकलपटूंना बारा आठवडे मिनिटाला ४० फेऱ्यांनी जड सायकल मारायला लावली, तर नेहमीच्या फेऱ्यांनी मारणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा काही दिसला नाही.

म्हणजे लोड निरुपयोगी का? मुळीच नाही. ऑपरेशननंतरच्या, अंथरुणावरून उठलेल्या, किंवा कधीच व्यायाम न केलेल्या माणसाला सायकलवरचं थोडं ओझंही ताकद देतं, कारण त्याच्यासाठी तेच जड असतं. आणि दम वाढवायला तर लोड लागतोच. लोडाशिवाय वॉट नाहीत, वॉटांशिवाय दम नाही. फक्त सायकल जड केली म्हणजे बैठका मारायची गरज उरली नाही, असं मानू नये.

रस्त्यावर सायकल मारणाऱ्यांना खुंटी लागतच नाही. वारा आहे. वेग दुप्पट केला की वाऱ्यासाठी लागणारे वॉट आठपट होतात. १८९९ मध्ये चार्ल्स मर्फी नावाच्या अमेरिकन माणसाने लाँग आयलंडवर रुळांच्या मधे फळ्या टाकून, आगगाडीच्या मागे वाऱ्याच्या आडोशाने एक मैल ५७.८ सेकंदांत कापून दाखवला. वारा काढून घेतला की साधी सायकल ताशी शंभर किलोमीटर जाते! आणि चढ आहे. सायकलसकट ८५ किलो वजन, ताशी १० किलोमीटर वेग: सपाटीवर वीस-बावीस वॉट पुरतात, पाच टक्के चढावर एकशे चाळीसच्या आसपास लागतात. डबलसीटचंही तसंच. सपाटीवर मागे बसलेला मित्र फारसा जाणवत नाही, चढ लागला की उतर म्हणावं लागतं. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी जिंकणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात ते उगाच नाही. टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या देग्रांजला तर हा जडपणा इतका प्रिय होता की साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारे गिअर त्याच्या शर्यतीत १९३७ पर्यंत चालत नसत. आपण मात्र घाटात गिअर हलका करावा आणि फेरे सत्तर-ऐंशीच्या आसपास राहू द्यावेत. वॉट तेवढेच पडतात, गुडघ्यावरचा जोर कमी होतो.

असो. फार लांबलं. आता सायकल विकत घ्यायला गेलात तर दुकानदाराला एकच विचारा: "हा आकडा कशाचा?" वॉट दाखवणारं यंत्र परवडत असेल तर तेच घ्या. नसेल तर आपल्या यंत्राची पट्टी आपणच बनवा: ठरलेले फेरे, पाच मिनिटं, नाडी, आणि वहीत नोंद. आईच्या वहीत आता २ वरून ४ पर्यंतची नाडी लिहिलेली आहे, आणि शेजारच्या रकान्यात खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता आलं तो आकडा. तो दुसरा रकाना फिजिओथेरपिस्ट बाईंनी घालायला सांगितला. डीलॉर्मलाही तो पटला असता.